सुप्त, गुप्त, अप्रकट

आईच्या डाव्या बरगडीखाली कळ सुरू झाली ती २०१९च्या श्रावणात, नागपंचमीनंतर दोनच दिवसांनी. सांगली-कोल्हापूरला महापूर आला तोच तो पाऊस. आमच्या साताऱ्यातही आठवडाभर ऊन पडलं नव्हतं. "आतून कुणीतरी सुरी फिरवतंय गं," ती म्हणाली. वय शहात्तर आणि डावी बाजू, आमच्या पोटात गोळा आला. ईसीजी काढला, चांगला निघाला. मग गॅस असेल म्हणून ओवा झाला, हिंग झालं, गरम पाण्याची पिशवी झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी ब्लाउजचं हूक लावताना ती एकदम कळवळली, म्हणून मी मागून पाहिलं. पाठीच्या कण्यापासून एक लालसर पट्टा निघाला होता आणि काखेच्या खालून वळून पुढे गेला होता. त्यावर साबुदाण्याएवढे, पाण्याने भरलेले फोड. सुटे नाहीत, पाच-सात पाच-सात असे घोसाघोसाने.

शेजारच्या काकूंनी दारातूनच ओळखलं. "नागीण आहे ही. तोंड आणि शेपूट जुळू देऊ नका हं." जुळलं तर काय होतं ते त्या बोलल्या नाहीत आणि बोलायची गरजही नव्हती. आमच्याकडे लहान पोराला विचारलं तरी ते सांगेल. आई गप्पच बसली. मग हळूच म्हणाली, "पंचमीला मी काकडी चिरली होती. बाळू ऐकेचना, म्हणून." पंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही, हे तिने जन्मभर पाळलेलं. त्या दिवशी नातवाच्या हट्टापुढे तिचं काही चाललं नव्हतं. आता ती काकडी तिच्या बरगडीत रुतून बसली होती.

डॉक्टरांनी फोड पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "आजी, लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का?"

झाल्या होत्या. १९५१ साली, आठव्या वर्षी. वाईजवळच्या आमच्या आजोळी तिला माजघरात निजवलं होतं. अंथरुणाभोवती कडुलिंबाचा पाला, दाराला कडुलिंबाच्या डहाळ्या. घरात फोडणी बंद. तिची आजी तिच्याशी अहो-जाहो बोलत होती, कारण अंगात बाई आल्या होत्या आणि त्यांचा मान ठेवायचा होता. नवव्या की दहाव्या दिवशी पाल्याच्या पाण्याने न्हाऊ घातलं, दहीभाताचा नैवेद्य झाला आणि बाई गेल्या. आईने हे सगळं डॉक्टरांना सांगितलं, बाहेर वीस माणसं ताटकळलेली असताना. त्यांनीही ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्या गेल्या नव्हत्या आजी. तोच विषाणू आहे हा."

"अडुसष्ट वर्षं? मग इतकी वर्षं तो होता कुठे?"

"लेटंट होता. म्हणजे झोपला होता म्हणा ना."

मी शाळेत विज्ञान शिकवते. त्या 'झोपला होता'पाशी मी अडकले आणि पुढचे कितीतरी महिने अडकूनच राहिले. आईचा प्रश्न साधा होता: कुठे होता. उत्तर मिळालं ते काय करत होता याचं, आणि तेही धड नाही.

कुठे होता याचं उत्तर आधी सांगते. कांजिण्यांचा विषाणू, व्हॅरिसेला-झोस्टर, कातडीवरचे फोड पिकत असतानाच चेतातंतूंच्या वाटेने आत शिरतो. मेरुरज्जूच्या दोन्ही अंगांना, मणक्यांच्या फटींपाशी चेतापेशींचे लहान लहान पुंजके असतात. स्पर्श, वेदना, ऊन-गार यांच्या खबरा कातडीवरून येतात त्या या पुंजक्यांतून. तिथे तो मुक्काम ठोकतो. फोड सुकतात, खपल्या पडतात, मूल शाळेत जायला लागतं आणि तो मात्र तिथेच राहतो. पुढे कधी, बहुधा म्हातारपणी, शरीराचा पहारा सैल पडला की एखाद्याच पुंजक्यातला विषाणू पुन्हा वाढायला लागतो आणि आला त्याच तंतूवरून उलटा कातडीकडे निघतो. वाटेत तंतू सुजतो, म्हणून कळ आधी येते आणि फोड मागून. आईच्या बरगडीतली सुरी ती होती.

त्यामुळेच पट्टा. प्रत्येक पुंजक्याकडे कातडीचा एक ठरावीक पट्टा सोपवलेला असतो: कण्यापासून निघून छातीच्या किंवा पोटाच्या मधल्या रेषेपर्यंत, फक्त एकाच बाजूचा. डावा पुंजका उजवीकडे बघत नाही. लंडनचे डॉक्टर हेन्री हेड आणि त्यांचे सहकारी कॅम्पबेल यांनी १९०० साली नागिणीच्या रुग्णांच्या मृत्यूनंतर त्यांचे हे पुंजके तपासले. कुठला पुंजका खराब झाला म्हणजे कुठला पट्टा उठतो हे त्यांनी जुळवलं आणि त्यावरून माणसाच्या कातडीचा नकाशा काढला. आजही त्या नकाशाचा उल्लेख होतो. नागिणीनेच तो आखून दिला म्हणायचा.

मी पाटीवर माणूस काढून आईला दाखवलं. ही मधली रेघ. तुझी नागीण इथवर येऊन थांबणार, कारण त्या तंतूची हद्दच इथे संपते. दोन्ही बाजूंना एका वेळी उठणं फार क्वचित घडतं, आणि टोकं जुळण्याशी मरणाचा काही संबंध नाही. तिने बोटाने स्वतःच्या छातीवरची रेघ चाचपली. शेवटचा फोड खरंच अलीकडे दोन बोटांवर थांबला होता. आठ दिवसांत ती पहिल्यांदा नीट जेवली ती त्या रात्री.

(एक गोष्ट मात्र इथेच लिहिते, कारण तिला उशीर चालत नाही. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर किंवा डोळ्याजवळ नागीण उठली तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना गाठा. आणि कुठेही उठली तरी गोळ्या शक्यतो बहात्तर तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात. मंत्र, गेरू, दूर्वा-तांदळाचा लेप यांत लोकांचे हेच तीन दिवस निघून जातात.)

आता नावाविषयी. डॉक्टरी भाषेत नागीण म्हणजे हर्पिस झोस्टर. हर्पिस हा शब्द ग्रीकमधल्या सरपटण्याच्या धातूवरून आला, आणि झोस्टर म्हणजे कमरपट्टा. तो ग्रीक धातू आणि आपला 'सृप्' एकाच मुळातले आहेत. सर्प त्यातूनच आला आणि आयुर्वेदातला कातडीवर पसरणारा 'विसर्प'ही. एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांनी एकच पट्टा पाहिला आणि सगळ्यांना साप आठवला. नागीण हा शब्द मला म्हणूनच अडाणी वाटत नाही. ज्याने ठेवला त्याने नीट पाहून ठेवला. गडबड झाली ती पुढे, शेपूट जोडताना.

पण 'लेटंट'ला मराठी काय? वर्गात विचारलं तर मुलांना 'लेटन्सी' माहीत होती, मोबाइलवरच्या खेळामुळे. बटण दाबल्यावर गोळी सुटायला लागणारा वेळ. मूळ लॅटिन धातूचा अर्थ उशीर होणे नव्हे, लपून राहणे.

लपून म्हणजे गुप्त. शब्दाला शब्द ठेवायचा तर हाच ठेवावा लागेल. पण मराठीत 'गुप्तरोग' म्हटल्याबरोबर भिंतींवरच्या त्या जाहिराती डोळ्यांपुढे येतात. हर्पिस हा शब्द ऐकूनच आमच्या एका नात्यातल्या बाईंनी आवाज खाली आणला होता. त्यात 'गुप्त' जोडलं तर शहात्तर वर्षांची बाई डॉक्टरांकडे जायचीच नाही. गुप्त बाद.

वर्तमानपत्रांचा आवडता शब्द 'दबा धरून बसलेला'. त्यात वाघ आहे, सावज आहे, हेतू आहे. सव्वा लाख अक्षरांच्या रेणूला हेतू कसला असणार? शिवाय तो शब्द ऐकून आईने उरलेली वर्षं स्वतःच्या पाठीला भीत काढली असती.

राहिला 'सुप्त'. हा रुळलेला आहे. क्षयाच्या बाबतीत 'सुप्त संसर्ग' आपण म्हणतोच, स्नेहसंमेलनात मुलांच्या सुप्त गुणांना वाव मिळतोच. डॉक्टरही तेच म्हणाले, झोपला होता. मला तो पटत नाही, कारण झोपलेला जीव पुरा असतो. श्वास चालू, हात-पाय जागच्या जागी, हलवलं की उठेल. चेतापेशीत तसं काही नसतं. विषाणूचं कवच नाही, त्याची प्रथिनं जवळपास नाहीत, दुसऱ्याला लागेल असा एकही कण नाही. उरलेली असते ती डीएनएची एक गोल कडी, पेशीच्या केंद्रकात. विषाणू कसा घडवायचा एवढंच तिच्यावर लिहिलेलं असतं, आणि ते लिखाण बहुतांशी वाचलं जात नाही. अगदीच शांतता असते असंही नाही. त्या अवस्थेतही कडीवरचा एक तुकडा वाचला जात असतो, हे २०१८मध्ये माणसांच्या चेतापेशींत दिसलं. झोपेत पुटपुटावं तसं ते आहे, असं लिहायचा मोह होतो, पण तसं लिहिलं की पुन्हा झोप आलीच.

विषाणुशास्त्रात हा शब्द काटेकोर आहे. संसर्ग लेटंट म्हणायचा तर तीन गोष्टी हव्यात: जनुकं पेशीत टिकून आहेत, नवे कण तयार होत नाहीत, आणि पुन्हा तयार होण्याची ताकद शाबूत आहे. यातली एक जरी नसली तरी तो शब्द लागू नाही. कांजिण्यांची लागण झाल्यापासून फोड उठेपर्यंत दहा ते एकवीस दिवस जातात. तेव्हा माणूस धडधाकट दिसतो, पण आत विषाणू जोरात वाढत असतो. आपण म्हणतो ना, ताप अंगात मुरतोय, तसं. ती लेटन्सी नव्हे. ब प्रकारची कावीळ वर्षानुवर्षं लक्षणांशिवाय अंगात राहते, पण त्यातल्या बहुतेकांच्या रक्तात विषाणू सतत पाझरत असतो. तीही नव्हे.

या गोंधळाची किंमत एड्सच्या बाबतीत कळते. एचआयव्हीची लागण झाल्यावर मधली आठ-दहा वर्षं काहीच होत नाही, म्हणून त्या टप्प्याला 'लेटंट' म्हणायची पद्धत पडली. १९९५मध्ये दोन गटांनी मोजून दाखवलं, की त्या शांत वर्षांत विषाणू रोज अब्जावधी कण काढतो आणि शरीर रोज ते मारतं. शांत होता तो रोगी, विषाणू नव्हे. आणि दोनच वर्षांनी असंही दिसलं, की औषधांनी रक्त स्वच्छ झाल्यावरही विश्रांतीतल्या काही पांढऱ्या पेशींत त्याची जनुकं खरोखर लेटंट उरतात. म्हणून गोळ्या थांबवता येत नाहीत. एकाच आजारात एकच शब्द एकदा चुकीचा आणि एकदा अचूक. ज्या माणसाला 'तुमचा विषाणू झोपलाय' असं सांगितलं गेलं असेल, तो गोळी का घेईल?

मला हवा असलेला शब्द शेवटी मिळाला तो दहावीच्या विज्ञानात. बर्फाला उष्णता देत राहा. एक ग्रॅम बर्फाचं पाणी होताना ऐंशी कॅलरी आत जातात आणि तापमापीचा पारा शून्यावरून हलत नाही. ही उष्णता कुठे गेली? या 'लेटंट हीट'ला आपलं पुस्तक 'अप्रकट उष्मा' म्हणतं. किती वर्षं शिकवतेय मी हे! अप्रकट म्हणजे आहे, पण दिसण्याच्या रूपात नाही. झोप नाही, लपणं नाही, डाव नाही. आणि पाण्याचा पुन्हा बर्फ होताना त्या ऐंशीच्या ऐंशी परत मिळतात.

अप्रकट विषाणू. मी म्हणून पाहिलं. जिभेला थोडा जड आहे, पण खरा आहे.

हा शब्द घेतला की गोळ्यांचंही कोडं सुटतं. आईला असायक्लोव्हिर दिलं होतं. आठशे मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा. मोबाइलवर पाच गजर लावले होते मी. गर्ट्रूड एलियन यांच्या गटाने हे औषध घडवलं. एलियन १९८८च्या नोबेलच्या मानकरी. औषधाची खुबी अशी, की ते गिळलं जातं तेव्हा निरुपद्रवी असतं. विषाणूचंच एक विकर (एन्झाइम) त्याला चालू करतं, आणि मग ते विषाणूच्याच नव्या प्रती निघणं थांबवतं. म्हणजे ज्या पेशीत विषाणू प्रकट आहे तिथेच ते काम करतं. अप्रकट कडीपाशी ते विकरच नाही, म्हणून औषधही मुकं. "गोळ्यांनी मुळासकट गेली का?" असं आईने विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. मुळं राहतात, आई. या गोळ्या पानांना लागतात.

हे सगळं पहिल्यांदा जुळवलं कुणी, याचा शोध घेतला तेव्हा मला मोठ्या प्रयोगशाळेचं नाव सापडेल असं वाटलं होतं. धागे अनेक होते. बुडापेस्टचे बालरोगतज्ज्ञ बोकाय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच लिहिलं होतं, की घरात मोठ्या माणसाला नागीण झाली की लहान मुलांना कांजिण्या होतात. अमेरिकेत टॉमस वेलर यांनी १९५०च्या दशकात दोन्हींचा विषाणू पेशींवर वाढवून एकच आहे असं दाखवलं. पण मधली वर्षं तो कुठे असतो याचं चित्र उभं केलं ते एडगर होप-सिम्पसन या साध्या फॅमिली डॉक्टरांनी, इंग्लंडमधल्या सायरनसेस्टर गावात. सुमारे साडेतीन हजार वस्तीचा त्यांचा दवाखाना. सोळा वर्षं त्यांनी आपल्या हद्दीतली प्रत्येक नागीण वहीत टिपली. एकशे ब्याण्णव रुग्ण. कुणाचं वय किती, कुठल्या बाजूला, पूर्वी कांजिण्या कधी. शेटलंड बेटांतल्या येल बेटावरही ते गेले आणि कुणाच्या कांजिण्या कुणाकडून आल्या याचे माग काढत हिंडले. १९६५मध्ये त्यांनी मांडलं, की विषाणू चेतापेशींत अप्रकट राहतो, शरीराची प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते, आणि ती एका पातळीखाली गेली की नागीण उठते. मला ती वही डोळ्यांपुढे दिसते. आपल्याकडेही चाळीस-चाळीस वर्षं एकाच गावात नाडी पाहिलेले डॉक्टर होते, आहेत. त्यांच्या वह्या कुठे गेल्या?

होप-सिम्पसन यांना बेट का हवं होतं, यातच अप्रकट राहण्याचा सगळा अर्थ आहे. गोवर छोट्या बेटावर टिकत नाही. एकदा साथ येऊन गेली की लागायला कुणी उरत नाही आणि विषाणू संपतो. त्याला सतत जळत राहायला लाखांची वस्ती लागते. कांजिण्यांचा विषाणू हजारापेक्षा कमी माणसांतही टिकतो. साथ संपली तरी तो म्हाताऱ्यांच्या पाठीत असतो. एक पिढी जाते, नवी मुलं जन्माला येतात, आणि एका आजीला नागीण उठते. तिच्या फोडातल्या पाण्यातून तो नातवाकडे जातो. नातवाला नागीण होत नाही, होतात कांजिण्या. दुसऱ्याची लागून नागीण होतच नाही, नागीण नेहमी ज्याची त्याची, आपल्याच अंगातली असते.

आजी आणि नातू. आमच्या घरात तेव्हा भावाची धाकटी मुलगी आठ महिन्यांची होती. लस अजून द्यायची होती. आईचा सगळा दिवस त्या पोरीभोवती जायचा. तेल लावणं, शेक-शेगडी, धुरी, झोका. डॉक्टरांनी सांगितलं, सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत बाळाला लांब ठेवा. तिला वाटलं होतं, बाळापासून तिला काही होईल. मी उलटं सांगितलं. तेव्हा ती उठली, आपलं अंथरूण स्वतः गुंडाळलं आणि पुढच्या खोलीत गेली. फोड सुती कापडाने झाकलेले. दार लोटलेलं. पोर रडायला लागली की ती दाराआडून 'अडगुलं मडगुलं' म्हणायची, आणि आवाज ऐकून पोर गप्प होऊन दाराकडे बघत राहायची.

त्याच खोलीत एका दुपारी मी तिला माझा शब्द सांगितला. अप्रकट. तिने दोनदा म्हणून पाहिला आणि मान हलवली. "हे तू शाळेत शिकव. मला असं सांग, आमच्या गावाला वस्तीची गाडी यायची बघ." संध्याकाळी शेवटची एसटी गावात येते, देवळापुढे उभी राहते, इंजिन बंद, दिवे बंद. डायव्हर-कंडक्टर देवळात पथारी टाकतात. नवखा माणूस म्हणेल, ही बंद पडलेली गाडी. गावातलं पोरगंही सांगेल, वस्तीची आहे. पहाटे निघेल. "तसा तो वस्तीला होता," आई म्हणाली. "फक्त माझी पहाट अडुसष्ट वर्षांनी झाली." मग थोड्या वेळाने, "म्हणजे माझ्या लग्नात होता. तुझ्या वेळी बाळंतीण होते तेव्हा होता. तुझे बाबा गेले तेव्हाही होता."

होता.

खपल्या पडायला सतरा दिवस लागले. रोज सकाळी मी टॉर्च घेऊन पाठ तपासायची आणि ती विचारायची, "आज?" अठराव्या दिवशी एकही ओला फोड नव्हता, तपकिरी खपल्याही गळल्या होत्या, खाली गुलाबी कातडी. तरी तिने मला पुन्हा पाहायला लावलं, मग वहिनीला. मग डॉक्टरांना फोन लावून स्वतः विचारलं, "डॉक्टर, तो परत वस्तीला गेला का?" त्यांना काय कळलं असेल ते असो, पण ते 'हो' म्हणाले. तिने साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, धुतलेलं लुगडं नेसली, आणि दार उघडून पोरीला घेतलं.

बरगडीतली कळ पुढे चार महिने राहिली. पोरीला पंधराव्या महिन्यात कांजिण्यांची लस दिली. १९७४मध्ये जपानच्या मिचिआकी ताकाहाशी यांनी ओका आडनावाच्या एका तीन वर्षांच्या मुलाच्या फोडांतून काढून दुबळा केलेला हा विषाणू. तोही चेतापेशीत अप्रकट राहतो, पण पुढे नागीण म्हणून उठण्याचं प्रमाण बरंच कमी. नागिणीची वेगळी लस मोठ्यांसाठी २०२३मध्ये आपल्याकडे मिळायला लागली. तिच्यात जिवंत विषाणू नाही. दोन मात्रा, आणि महाग. आईने ऐंशीव्या वर्षी दोन्ही घेतल्या. दुसऱ्या मात्रेनंतर दंड दुखत होता, तरी संध्याकाळी ती काकूंकडे गेली आणि त्यांना सगळं समजावून सांगितलं: मधली रेघ, बहात्तर तास, वस्तीची गाडी. पंचमीच्या काकडीचंही सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मला कांजिण्या झाल्या होत्या का, हे आता कोण सांगणार हो? आई तर नाही."

आईने त्यांची मान उजेडाकडे वळवली आणि चष्मा लावून कपाळाच्या कडेला, केसांच्या खाली, व्रण शोधायला लागली.